एंटर दाबल्यावर मागे काय उरते?



बारामती आणि इंदापूरच्या महाविद्यालयांत संगणकाचा विषय घेतलेली आपली मुले-मुली प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली की आमच्याकडे वही घेऊन येतात. कुणी भिगवणहून एस.टी.ने येते, कुणी सणसर-लासुर्ण्याहून, कुणी सुपे-मोरगावच्या बाजूने. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, पोटापाण्यासाठी कारकुनी करतो आणि संध्याकाळी अभ्यासिकेत बसतो. संगणकाचे जे काही शिकलो ते कामाच्या टेबलावर आणि या मुलांच्या सोबतीने शिकलो. दरवर्षी मुले बदलतात, पण तक्रारी दोनच. पहिली अशी, “काका, प्रोग्राम प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाट न बघताच पुढे पळतो.” दुसरी अशी, “आकड्याच्या जागी चुकून अक्षर दाबले की तीच ओळ पडद्यावर सारखी उमटत राहते, थांबतच नाही.”

तक्रारीपेक्षा तिच्यामागून येणारे वाक्य आम्हाला जास्त टोचते. “आमच्या डोक्याच्या बाहेरचे आहे हे. प्रोग्राम पाठ करून जातो, काका.” ज्या घरात पहिल्यांदाच कुणी महाविद्यालयाची पायरी चढले आहे, त्या घरातले मूल यंत्र अडले की दोष स्वतःच्या डोक्याला देते. यंत्राला देत नाही, पुस्तकाला तर नाहीच नाही. म्हणून या आठवड्यात आम्ही हा एकच विषय घेतला आहे. काळ्या पडद्यावर चालणाऱ्या साध्या प्रोग्राममध्ये, ज्याला कन्सोल प्रोग्राम म्हणतात, आपण दाबलेली कळ कुठे जाते आणि मागे काय उरते? आमच्या भगिनींनी ‘हे आमच्यासाठी नाही’ असे म्हणून पान उलटू नये. दुधाची पावती, उसाच्या काट्याची पावती, बँकेच्या यंत्राची पावती यांतला आकडा याच वाटेने जातो.

आधी एक साल लक्षात ठेवू. १९७२. आपल्याकडे हे साल दुष्काळाचे म्हणून ओळखले जाते. आपल्या आईबापांनी, आजाआजींनी दुष्काळी कामांवर खडी फोडली आणि हजेरीपटावर अंगठे उठवले, ते हे दिवस. बारामतीत विद्या प्रतिष्ठान ही संस्था स्थापन झाली तीही १९७२ सालीच. आणि याच सुमारास अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी ‘सी’ ही संगणकाची भाषा तयार केली. आपली मुले आज प्रात्यक्षिकात लिहितात ती हीच भाषा. त्या काळी संगणकापुढे आजच्यासारखा पडदा नसायचा. टेलिटाइप नावाचे, तारेने जोडलेले टंकलेखन यंत्र असायचे. माणूस एक ओळ टंकित करायचा, ओळ संपल्याची कळ दाबायचा, मग यंत्र कागदावर उत्तर छापायचे. टेलिटाइप गेला, पडदा आला, पण ‘ओळ पूर्ण होऊ द्या, मग बघू’ ही रीत मात्र राहिली. मुलांच्या निम्म्या अडचणींचे मूळ या रीतीत आहे.

कळ दाबली की काय होते ते पाहू. कीबोर्डला अक्षर ठाऊक नसते. त्याला फक्त कळेची जागा ठाऊक असते. जुन्या आयबीएम पद्धतीच्या संगणकात ‘ए’ ची कळ दाबली की ३० हा आकडा जातो आणि बोट उचलले की १५८ जातो, म्हणजे ३० अधिक १२८. दाबल्याची एक वर्दी, सोडल्याची दुसरी. शिफ्ट धरले आहे की नाही हे पाहून संगणकाची मूळ यंत्रणा त्या जागेचे अक्षर ठरवते. मोठा ‘ए’ असेल तर ६५, लहान असेल तर ९७. शून्याच्या अंकाला ४८, मोकळ्या जागेला ३२, बॅकस्पेसला ८. हे आकडे आपल्या प्रोग्रामच्या हातात लगेच पडत नाहीत. ते आधी एका राखून ठेवलेल्या जागेत जमा होतात. तिला बफर म्हणतात. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये कीबोर्डच्या बफरात पंधरा कळांपुरतीच जागा होती. ती भरली की पुढच्या प्रत्येक कळेला यंत्र ‘बीप’ करून नकार द्यायचे.

आमच्यासारख्या कारकुनाला हे समजायला अवघड नाही. कुठल्याही सरकारी कार्यालयात आवक-जावकाची बारनिशी असते. टपाल आले की थेट साहेबांच्या टेबलावर जात नाही. आवक कारकुनाच्या ट्रेमध्ये पडते. तिथे शिक्का बसतो, नोंद होते, गठ्ठा तयार होतो, मग शिपाई तो आत नेतो. कन्सोलवर कळ दाबणे म्हणजे ट्रेमध्ये कागद टाकणे. एंटर दाबणे म्हणजे गठ्ठा आत पाठवणे. एंटर दाबेपर्यंत बॅकस्पेसने आपण अक्षर खोडू शकतो, कारण कागद अजून बारनिशीतच आहे. साहेबांना, म्हणजे आपल्या प्रोग्रामला, खोडलेल्या अक्षराचा पत्ताही लागत नाही.

आता महत्त्वाची गोष्ट. गठ्ठ्यातून साहेब फक्त मागितलेला कागद उचलतात. बाकीचे कागद तिथेच राहतात. आणि एंटर हासुद्धा गठ्ठ्यातला एक कागद आहे. त्याचा आकडा सी भाषेत १० धरला जातो. आपण ‘११४’ टंकित करून एंटर दाबले तर ट्रेमध्ये तीन नव्हे, चार कागद असतात. पुस्तकात हे लिहिलेले असते, पण वर्गात घाईत निसटते. मुलांचा प्रोग्राम पुढे पळतो तो या चौथ्या कागदामुळे.

आपल्या भागातले उदाहरण घेऊ. बारामती-इंदापूर तालुक्यांत दुधावर प्रपंच चालवणारी घरे किती आहेत हे सांगायला नको. भूमिहीनाच्या घरीसुद्धा दावणीला एखादी गाय असते आणि दुधाच्या पगारावर किराणा भरला जातो. समजा, आपल्या मुलीला प्रात्यक्षिकात दूध संकलनाचा छोटा प्रोग्राम लिहायचा आहे. तो चार प्रश्न विचारतो. सभासद क्रमांक किती? लिटर किती? फॅट किती? नोंद बरोबर आहे का, वाय की एन? उत्तर वाचायला तिने सर्वांना ठाऊक असलेले स्कॅनएफ हे फंक्शन वापरले. क्रमांक पूर्णांक म्हणून वाचला आणि लिटरही घाईत पूर्णांक म्हणूनच वाचले. फॅट मात्र दशांशात वाचली.

सभासदाचा क्रमांक ११४. दूध साडेसहा लिटर, फॅट ४.१. क्रमांक नीट गेला. पुढच्या प्रश्नाला तिने ‘६.५’ टंकित केले आणि एंटर दाबले. पूर्णांक वाचणाऱ्याने ६ उचलला आणि दशांशचिन्ह दिसताच हात आखडता घेतला, कारण पूर्णांकात टिंब बसत नाही. ट्रेमध्ये काय उरले? ‘.५’ आणि एंटर. पडद्यावर ‘फॅट किती?’ हा प्रश्न उमटला खरा, पण प्रोग्राम थांबला नाही. ट्रेमध्ये आधीच कागद होता, त्याने ‘.५’ उचलून फॅट म्हणून लिहून टाकले. नंतर उरला एंटर. ‘नोंद बरोबर आहे का?’ या प्रश्नाला एक अक्षर हवे होते, ते मिळाले, एंटरचे. एंटर म्हणजे ‘वाय’ नव्हे, म्हणून प्रोग्रामने नोंद रद्द केली. मुलीने एकच आकडा टंकित केला होता, तिन्ही उत्तरे त्यातूनच तयार झाली.

इथे मुलीच्या डोक्याचा दोष काय? काहीही नाही. यंत्राने सांगितले तेच काटेकोरपणे केले. पण असा प्रोग्राम खऱ्या काट्यावर बसला आणि शेवटचा प्रश्न त्यात नसला तर? गायीच्या दुधाचा दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हे प्रमाण धरून ठरवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तिथे पावतीवर अर्धा लिटर कमी आणि फॅट अर्धा टक्का लागली, तर त्या बाईच्या दुधाचे मोल काय होईल? ती पावती घेऊन खिडकीशी भांडेल आणि आतला माणूस म्हणेल, “कॉम्प्युटरने सांगितले आहे, बाई.” कॉम्प्युटरने सांगितले म्हणजे कुणी सांगितले? ज्याने प्रोग्राम लिहिला त्याने सांगितले.

उपाय अवघड नाही. पहिला उपाय म्हणजे जो आकडा दशांशात येऊ शकतो तो दशांशातच वाचावा. दुसरा, एक अक्षर वाचताना स्कॅनएफच्या सूचनेत ‘टक्का सी’ च्या आधी एक मोकळी जागा सोडावी. त्या मोकळ्या जागेचा अर्थ ‘आधीचे एंटर, टॅब, रिकाम्या जागा बाजूला सार, मग अक्षर घे’ असा होतो. केवढीशी ती जागा, पण तिच्यावाचून मुलांचे तासन् तास वाया गेलेले आम्ही पाहिले आहेत. कित्येक वह्यांत यावर ‘एफफ्लश एसटीडीइन’ असा मंत्र लिहिलेला आढळतो. तो काही ठिकाणी चालतो, काही ठिकाणी चालत नाही. आत येणाऱ्या प्रवाहावर एफफ्लश वापरले तर काय व्हावे हे सी भाषेच्या प्रमाण नियमांत ठरवलेलेच नाही. घरच्या संगणकावर चाललेला प्रोग्राम परीक्षेच्या संगणकावर फसला तर नवल नाही. मंत्रावर विसंबू नये, कारण समजून घ्यावे.

आता दुसरी तक्रार, न थांबणारी ओळ. प्रोग्रामने आकडा मागितला आणि बोट घसरून ‘के’ पडला. आकडा वाचणारा स्कॅनएफ ‘के’ ला हात लावत नाही, तो ट्रेमध्येच ठेवून परत येतो. आपण प्रोग्रामला सांगितलेले असते की योग्य आकडा मिळेपर्यंत पुन्हा विचार. तो पुन्हा जातो, तोच ‘के’ दिसतो, पुन्हा परत येतो. सेकंदाला हजारो फेऱ्या होतात. पडदा भरून वाहू लागतो आणि मुलाला घाम फुटतो. कंट्रोल-सी दाबून प्रोग्राम थांबवता येतो, हे तरी प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी सांगायला हवे.

खरे पाहता स्कॅनएफ मुका नाही. किती गोष्टी यशस्वीपणे वाचल्या तो आकडा तो परत देतो. एक मागितली आणि एक मिळाली तर १. अक्षर आडवे आले तर ०. कळफलकाकडून येणारा प्रवाहच संपला तर ईओएफ. ही पोच बहुतेक मुले घेतच नाहीत. कारकुनाने टपाल देऊन पोच घेतली नाही तर काय होते हे आम्हाला विचारा! कागद गहाळ झाला की जबाबदारी पोच नसणाऱ्यावर येते. म्हणून स्कॅनएफची पोच तपासावी. ० आले तर गेटचार या फंक्शनने एकेक अक्षर एंटरपर्यंत, किंवा प्रवाह संपेपर्यंत, वाचून टाकून द्यावे आणि मग पुन्हा विचारावे.

याहूनही चांगली रीत आहे, ती आम्ही सर्वांना सुचवतो. गठ्ठ्यातून एकेक कागद ओढू नये. सगळा गठ्ठा, म्हणजे पूर्ण ओळ, आधी आपल्या टेबलावर घ्यावी, मग निवांत तपासावी. ओळ घेण्यासाठी एफगेटएस हे फंक्शन आहे. आपल्याकडे जागा किती आहे हे त्याला सांगावे लागते, तेवढेच ते घेते. ओळ हाती आली की स्ट्रटूएल किंवा स्ट्रटूडी या फंक्शनांनी तिचा आकडा करावा. ही दोन्ही फंक्शने आकडा कुठे संपला तेही सांगतात. ‘६.५’ पूर्णांक म्हणून वाचायला दिले तर ‘आकडा सहाजवळ संपला, पुढे टिंब आहे’ हे कळते आणि प्रोग्राम वेळीच म्हणू शकतो, ‘इथे पूर्ण आकडा हवा.’ काहीही मागे उरत नाही, त्यामुळे पुढचा प्रश्न स्वच्छ ट्रेने सुरू होतो. ओळ दिलेल्या जागेपेक्षा लांब असेल तर शेवटी एंटर सापडत नाही. तेव्हा उरलेला भाग वाचून काढून टाकावा, एवढे एक पथ्य पाळावे लागते.

जागेचा विषय निघाला म्हणून एक जुनी घटना सांगतो. सी भाषेत पूर्वी गेटएस नावाचे फंक्शन होते. ते ओळ घ्यायचे, पण जागा किती हे विचारायचेच नाही. शंभर अक्षरांच्या जागेत हजार आली तरी ओततच राहायचे आणि शेजारची माहिती बुडवायचे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला एक प्रोग्राम हजारो संगणकांत शिरला आणि त्यांचे काम ठप्प झाले. त्याने ज्या वाटा वापरल्या त्यांतली एक हीच होती. एका सेवेत ५१२ बाइटांची जागा ठेवून गेटएसने ओळ घेतली जात होती आणि त्याने मुद्दाम जास्त लांब ओळ पाठवली. पुढे २०११ च्या सी भाषेच्या प्रमाण नियमांतून गेटएस काढूनच टाकले. तरीही जुन्या वह्यांतून ते अजून उतरवून घेतले जाते. आपल्या मुलांनी ते वहीतूनही खोडावे.

जागेचा हाच प्रश्न मराठीत फार वेगळ्या रूपात येतो. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने भारतीय भाषांसाठी इनस्क्रिप्ट हा कळफलक ठरवला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. जुन्या मराठी टंकलेखन यंत्रावर ‘सि’ लिहिताना आधी पहिली वेलांटी मारावी लागे, मग ‘स’. इनस्क्रिप्टमध्ये उच्चाराच्या क्रमाने आधी ‘स’, मग वेलांटी. ज्यांची बोटे यंत्रावर तयार झाली त्यांना हे जड गेले, नव्या मुलांना सोपे वाटते. ‘सिद्धार्थ’ हे नाव इनस्क्रिप्टने लिहायला नऊ खुणा लागतात. स, वेलांटी, द, हलन्त, ध, काना, र, हलन्त, थ. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइट घेते. म्हणजे सत्तावीस बाइट, आणि शेवटची खूण म्हणून शून्याचा एक, एकूण अठ्ठावीस. इंग्रजीत हेच नाव नऊ बाइटांत आणि एका शून्यात बसते.

आता पुस्तकातला प्रोग्राम पाहा. नावासाठी वीस बाइटांची जागा. इंग्रजी नावाला ऐसपैस. पण मराठीत ‘सिद्धार्थ’ आला तर एकोणीस बाइट आत जातात. सहा खुणा पूर्ण बसतात, सातवीचा एक तुकडा अडकतो. सिद्धार्थचा ‘सिद्धा’ होतो आणि पुढे एक निरर्थक चौकोन. वाचकहो, नावात काय आहे, असे म्हणणे ज्यांचे नाव कधी चुकले नाही त्यांना परवडते. शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर दुसरे आणि बँकेत तिसरे, एवढ्यासाठी तहसीलच्या पायऱ्या झिजवणारी माणसे आम्ही रोज पाहतो. एका वेलांटीच्या फरकासाठी प्रतिज्ञापत्र करावे लागते, मजुरी बुडते. म्हणून आमच्या मुलांनी नावाला जागा देताना हात आखडू नये आणि जागा मोजताना अक्षरे न मोजता बाइट मोजावेत.

आकड्यांचेही तसेच. मराठी कळफलक चालू असताना कुणी ‘५’ टंकित केला तर स्कॅनएफला तो आकडा वाटतच नाही, कारण त्याला फक्त इंग्रजी अंक कळतात. आपला ‘५’ म्हणजे २२४, १६५, १७१ असे तीन बाइट. आपला ‘०’ म्हणजे २२४, १६५, १६६. पहिले दोन तेच, तिसऱ्यातून १६६ वजा केले की अंक हाती येतो. दोन-चार ओळींचे काम आहे. ते केले तर आजीला शाळेत शिकलेला पाचाचा अंक यंत्रालाही चालतो. वाय-एन च्या जागी ‘ह’ आणि ‘न’ घ्यायचे असतील तर तिथेही एक अक्षर म्हणजे तीन बाइट हे विसरून चालणार नाही.

काही ठिकाणी एंटरची वाट पाहणे सोयीचे नसते. यादीतून बाण दाबून नाव निवडायचे असते, किंवा ‘पुढे जाण्यासाठी कोणतीही कळ दाबा’ असे असते. बोरलँड कंपनीच्या १९८७ पासूनच्या टर्बो सी मध्ये यासाठी गेटसीएच हे फंक्शन होते. ते बारनिशी बाजूला सारून कळ थेट घेते आणि पडद्यावर उमटवतही नाही. हे फंक्शन प्रमाण सी भाषेचे नाही, म्हणून लिनक्सवर गेल्यावर मुलांचा प्रोग्राम अडतो. लिनक्समध्ये टर्मिनललाच सांगावे लागते की ओळीची वाट पाहू नकोस आणि अक्षर उमटवू नकोस. काम झाले की पूर्वीची स्थिती परत करावी लागते. ती परत केली नाही तर प्रोग्राम संपल्यावर टंकित केलेले दिसतच नाही आणि मुलांना संगणक बिघडल्यासारखे वाटते. तशा वेळी न दिसता का होईना, ‘रीसेट’ हा शब्द इंग्रजीत टंकित करून एंटर दाबावा, सारे मूळपदावर येते. बाणाच्या कळांचीही गंमत आहे. वरचा बाण टर्बो सी मध्ये दोन आकडे देतो, आधी ०, मग ७२. लिनक्समध्ये तोच बाण २७, ९१, ६५ असे तीन आकडे देतो. कळ एक, कागद अनेक. हे माहीत नसले की पुन्हा कागद मागे उरतो आणि पुन्हा तोच घोळ.

कुणी म्हणेल, आता काळ्या पडद्याचे प्रोग्राम राहिले कुठे, सगळे मोबाइलवर आले. यावर वारणेकडची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९९८ साली वारणानगर परिसरातील सुमारे सत्तर गावांसाठी संगणक जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. उसाची, खताची माहिती शेतकऱ्याला गावातच मिळावी हा हेतू. काही वर्षांनी संशोधकांनी पाहिले की खेड्यातली वीज आणि यंत्रांची देखभाल पाहता एवढा मोठा संगणक ठेवण्याची गरजच नाही. तेव्हा २००७ च्या सुमारास काही गावांत साध्या मोबाइलच्या एसएमएसवर तेच काम करून दाखवले गेले. यंत्र बदलले, कीबोर्ड तळहातात आला. पण एसएमएस म्हणजे काय? माणसाने लिहिलेली एक ओळ, आणि ‘पाठवा’ म्हणजे एंटर. आलेली ओळ तपासून तिचा अर्थ लावणे, चुकीची असेल तर तसे कळवणे, हे काम जिथल्या तिथे राहिले. जो मुलगा कन्सोलवर एक ओळ नीट घ्यायला शिकला, तो उद्या कुठलेही यंत्र आले तरी उपाशी राहणार नाही.

चुकीची ओळ आली तर काय कळवायचे, हा आमच्या मते या विषयाचा गाभा आहे. पुस्तकातले प्रोग्राम दोन शब्द छापतात, ‘इनव्हॅलिड इनपुट’. म्हणजे ‘अमान्य’. आम्ही इतकी वर्षे लोकांचे अर्ज घेऊन खिडक्यांसमोर उभे राहिलो. शिष्यवृत्तीचा अर्ज, घरकुलाचा अर्ज, निराधार योजनेचा अर्ज. ‘त्रुटी आहे’ एवढाच शेरा मारून कागद परत आला की माणूस हतबल होतो. कुठली त्रुटी? कुठल्या रकान्यात? काय जोडायचे? चांगला कारकून शेऱ्यात लिहितो, ‘रकाना ४ मध्ये उत्पन्नाचा दाखला जोडलेला नाही, जोडून आणावा.’ मग माणूस एका खेपेत काम उरकतो. प्रोग्रामनेही तसेच सांगावे. ‘लिटरच्या जागी अक्षर आले आहे, आकडा टाका, उदाहरणार्थ ६.५.’ साडेसहाऐवजी ६५ आले तर नाकारू नये, विचारावे, ‘पासष्ट लिटर, बरोबर आहे का?’ कारण एखाद्याच्या गोठ्यात खरोखर तेवढे दूध असेल. आणि एक उत्तर चुकले म्हणून आधीची तीन उत्तरे पुसू नयेत, तेवढेच पुन्हा विचारावे.

विद्यार्थ्यांनी एक सवय लावून घ्यावी. प्रोग्राम लिहून झाला की बरोबर उत्तरे देऊन खूश होऊ नये. त्याला सात प्रकारे छळावे. नुसते एंटर दाबावे. आकड्याच्या जागी नाव टाकावे. दशांश टाकावा. उणे आकडा टाकावा. दोन आकडे एका ओळीत टाकावेत. दोन ओळी भरेल एवढे लांब नाव टाकावे. शेवटी लिनक्सवर कंट्रोल-डी, विंडोजवर कंट्रोल-झेड आणि एंटर देऊन ‘आता काही येणार नाही’ असे सांगावे आणि प्रोग्राम मुकाट्याने थांबतो की वेड्यासारखा फिरत राहतो ते पाहावे. संगणक नसेल तर हे वहीवरही करता येते. ट्रेची एक चौकट काढावी, प्रत्येक कळ तीत लिहावी, वाचलेली खोडावी, उरलेली पाहावी. आम्ही अभ्यासिकेत असेच शिकवतो. दोन संध्याकाळी पुरतात. त्यानंतर पाठांतराची गरज पडत नाही.

पालकांना सांगणे इतकेच की मुलगा किंवा मुलगी संगणकापुढे अडून बसली तर ‘तुला येत नाही’ असे म्हणू नका. ‘मागे काय उरले ते बघ’ एवढे म्हणा. संगणक तुम्हाला येत नसला तरी हे वाक्य बरोबरच ठरेल.

खिडकीच्या बाहेर उभे राहून आपल्या पिढ्या गेल्या. आत कोण बसले आहे, तो कागद घेईल की भिरकावेल, यावर आपला दिवस ठरायचा. आज खिडकीची जागा पडद्याने घेतली आहे आणि पडद्याच्या मागचा प्रोग्राम लिहिण्याचे शिक्षण बारामतीत आणि इंदापुरात आपल्या मुलांना मिळते आहे. उद्या त्यांनी लिहिलेल्या प्रोग्रामसमोर कुणीतरी थरथरत्या बोटाने चुकीची कळ दाबेल. त्या माणसाला पुन्हा एकदा, नीट शब्दांत विचारायचे की ‘अमान्य’ म्हणून परत पाठवायचे, हे आता आपली मुले ठरवणार आहेत.